अमरवेल : बोरीवरची औषधी, वावरातली चोर



धुऱ्यावरच्या बोरीवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं तुम्ही पाहिलंच असेल. तीच अमरवेल. बी रुजलं की कोवळा दोरा झाड शोधतो. थोड्या दिवसांत नाही सापडलं तर मरतो. सापडलं, की सालीत शोषकं खुपसून रस पितो आणि जमिनीशी नातं तोडतो. म्हणून तिला मूळ दिसत नाही.

वैद्यकात ती जुनी. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाश' ग्रंथात तिला आकाशवल्ली म्हटलं आणि पित्त-कफावर गुणकारी सांगितलं. युनानी हकिमांचं अफ्तीमून याच कुळातलं. चिनी वैद्य तिच्या भाऊबंदांचं बी वापरतात. लिनियसने १७५३ मध्ये या कुळाला दिलेलं कस्कुटा हे नावही मूळ अरबीच.

मग अशी गुणी वेल वावरात राहू द्यावी काय? नाही बाप्पा! बोरीवरची वेल देशी. सोयाबीन, लसूणघासात येते ती बारीक वेल बहुतेक वेळा वेगळ्या जातीची, मूळची उत्तर अमेरिकेतली. घासाच्या बियाण्यात मिसळून ती देशोदेशी गेली. १९८० नंतर आपल्या वर्धा जिल्ह्यात सोयाबीन वाढलं, तसं तिला रान मोकळं मिळालं.

औषधाचंही ऐका. वेल ज्या झाडाचा रस पिते, त्याचे गुण-दोष तिच्यात उतरतात. कण्हेर-धोतऱ्यासारख्या विषारी झाडावरची वेल घातक ठरू शकते. म्हणून जाणत्या वैद्याला विचारल्याशिवाय घरी काढा करू नका.

आता कामाचं ध्यानात ठेवा :

१) सोयाबीनचं बी चाळूनच पेरा, वेलीचं बारीक बी खाली पडतं. घासाचं बी जवळपास तेवढंच बारीक, म्हणून प्रमाणित बियाणं घ्या.

२) वेल दिसताच, फुलायच्या आधी, तिने धरलेल्या झाडांसकट उपटून जाळा. तुटका तुकडाही पुन्हा झाड धरतो.

३) बी धरलेली वेल ढोरांना घालू नका. बी पचत नाही, शेणखतातून परत वावरात येतं.

४) लागण झालेल्या वावरात ज्वारी किंवा गहू घ्या; तिथे तिला थारा मिळत नाही.

तिचं बी मातीत दहा वर्षं आणि जास्तही जिवंत राहतं. यंदा एक वेल सोडली, तर तिची निंदणी तुमच्या लेकराला करावी लागेल.