दृष्टिसंस्कार आणि कृत्रिम चेताजाल

नेत्रपटलावर पडलेल्या प्रकाशातून वस्तूची ओळख घडविणारा मेंदूचा व्यापार आणि त्याच हेतूने संगणकात रचलेली थराथरांची गणिती जाळी यांचा तुलनात्मक विचार. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा येथील जंगलांत व्याघ्रगणनेच्या निमित्ताने या तुलनेला व्यावहारिक महत्त्व आले आहे.

उगम व साम्य : डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी १९५९ मध्ये, वाघाच्याच कुळातील मांजराच्या मेंदूचे निरीक्षण करून असे दाखविले, की दृष्टिकेंद्रातील एकेक चेतापेशी विशिष्ट जागी, विशिष्ट कलाने आलेल्या रेषेलाच प्रतिसाद देते. या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक लाभले. या तत्त्वाच्या आधारे कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये बहुस्तरीय जाल रचले. पुढील काळातील जालांना लक्षावधी छायाचित्रे दाखविली असता त्यांच्या आरंभीच्या थरांत अशाच तिरकस, उभ्या, आडव्या रेषा टिपणारे घटक, कोणी मुद्दाम न शिकविता, आपोआप सिद्ध झाले.

भेद : मेंदूत वरच्या केंद्रांकडून खालच्या केंद्रांकडे संदेशांचा अखंड परतप्रवाह असतो; सामान्य जालात ओळखीच्या वेळी प्रवाह बहुधा एकाच दिशेने जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढविला, तेव्हा माणसांनी मांजर ओळखले, जालांनी मात्र हत्ती सांगितला. म्हणजे माणूस आकाराला आणि जाल पोताला प्राधान्य देते.

वऱ्हाडातील उपयोग : १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प असलेल्या मेळघाटात पूर्वी मोजदादीची सारी भिस्त पाऊलठशांवर असे. २०१८ च्या देशव्यापी गणनेत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली. त्यांपैकी वाघांची केवळ ७६,६५१ होती. एवढ्या राशीतून प्राणिवार निवड करण्याचे काम चेताजालावर आधारलेल्या प्रणालीकडे सोपविण्यात आले. एक वाघ दुसऱ्यापासून वेगळा काढण्यासाठी पट्ट्यांची जुळणी करणारी प्रणाली निराळी असते.

मूल्यमापन : न थकता निवड करणे हे यंत्राचे सामर्थ्य होय, परंतु सांबराची धोक्याची हाक, वाऱ्याची दिशा आणि काल पाहिलेला ठसा यांची संगती लावून, गवताआडच्या अर्धवट दिसणाऱ्या पिवळ्या रंगात वाघ ओळखणारी वनरक्षकाची दृष्टी ही उभ्या आयुष्याच्या अनुभवाने घडलेली असते, आणि म्हणूनच यंत्राच्या निवाड्यावर जाणत्या माणसाच्या डोळ्याची मोहोर उमटणे अगत्याचे ठरते.