गोटमार

गोटमार : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पांढुर्णा (मध्य प्रदेश) येथे जाम नदीच्या पात्रात होणारा दगडफेकीचा सामूहिक विधी. गोटा (वाटोळा दगड) आणि मारणे यांवरून हे नाव पडले. हिंदीभाषक राज्यात असूनही विधीचे मराठी नाव कायम आहे. रामाकोना-सौसर-पांढुर्णा हा पट्टा मराठीभाषक असून पांढुर्णा २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते.

उगमाविषयी लोककथाच उपलब्ध आहे : पांढुर्ण्याचा तरुण पलीकडच्या काठावरील सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत असता दोन्ही काठांवरून दगडफेक झाली व दोघे मरण पावले. कथेला लिखित आधार दाखवता येत नाही. मात्र विधीची मांडणी तिच्याशी जुळते.

पात्राच्या मध्यभागी झेंडा लावलेला पळस रोवतात (पहा : पळस). सावरगावकर तो राखतात, तर पांढुर्णेकर गोट्यांच्या माऱ्यातून पुढे जाऊन कुऱ्हाडीने तोडू पाहतात. झाड हाती आल्यावर ते चंडीमातेला अर्पण होते आणि मारा थांबतो. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. मृत्यूही घडले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण ते रुजले नाहीत. (पहा : पोळा, मारबत.)