जागृत भ्रंशांची नोंदवही आणि आमचीं दप्तरें

जुन्या कागदांत भूकंपाचा उल्लेख आढळला म्हणजे आपण संशोधक त्याचा उपयोग बहुधा कालनिर्णयापुरताच करितों. अमुक शकांत, अमुक तिथीस धरणीकंप झाला, एवढें टिपून मागल्यापुढल्या प्रसंगांची संगति लावावी आणि रुमाल पुन्हा बांधून ठेवावा, अशी आपली रीत आहे. परंतु तसल्या एका ओळीवर आज भूस्तरशास्त्रज्ञ केवढी इमारत उभारीत आहेत, आणि ती ओळ चुकीची निघाल्यास ती इमारत कशी कलते, हें वाचकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

खडकांतील जी चीर धरून तिच्या दोहों अंगांचे थर एकमेकांवरून सरकले आहेत, तिला भ्रंश म्हणतात. ज्या भ्रंशावर अलीकडच्या भूस्तरकालांत हालचाल झाली व पुढेंही होण्याचा संभव आहे, तो जागृत भ्रंश. अशा भ्रंशांच्या याद्या निरनिराळ्या देशांत झाल्या होत्या. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें २००० सालीं भूकंपविषयक नकाशांचा मोठा संग्रह छापला. अशा अनेक याद्या एकत्र करून ‘ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल’ या संस्थेनें सर्व जगाची एक नोंदवही तयार केली, व रिचर्ड स्टायरन आणि मार्को पगानी यांनीं तिचें वर्णन २०२० मध्यें प्रसिद्ध केलें. तींत सुमारें १३,५०० भ्रंश असून ती कोणासही विनामूल्य पाहतां व उतरून घेतां येते. प्रत्येक भ्रंशासमोर त्याची नकाशावरील रेषा, त्याचा उतार, कोणती बाजू कोणीकडे सरकते, वर्षास किती सरकते, शेवटची हालचाल केव्हां झाली, आणि हें सर्व कोणत्या आधारानें लिहिलें, असे रकाने आहेत. सर्वच रकाने भरलेले आहेत असें मात्र नाहीं.

यांतील वेगाचा रकाना सावकाराच्या व्याजासारखा आहे. एखादा भ्रंश वर्षास दोन मिलिमीटर सरकूं पाहत असून अडकून राहिला, तर हजार वर्षांत दोन मीटरांची बाकी सांचते. ती एकाच वेळीं फिटली म्हणजे मोठा भूकंप होतो. बाकी किती हें ठरवावयाचें तर मागची फेड केव्हां झाली हें ठाऊक असलें पाहिजे. तें सांगणारीं मुख्य साधनें दोन. एक, भ्रंशावर आडवा चर खणून तुटलेल्या थरांचें वय काढणें. दुसरें, मनुष्यानें लिहून ठेवलेली साक्ष. दुसरें साधन आपल्या ताब्यांतलें आहे.

ही साक्ष किती मोलाची असूं शकते याचें उदाहरण बाबराच्या आत्मचरित्रांत आहे. १५०५ च्या जुलै महिन्याच्या आरंभीं काबूल प्रांतांत भूकंप झाला. त्या एका दिवसांत तेहेतीस धक्के बसले, पघमान गांवचीं घरें पडलीं, हें तर बाबर सांगतोच. पण इस्तरघाचपासून मैदानपर्यंत भूमि फाटली, ती कोठें हत्तीएवढी वर आली, कोठें तितकीच खचली, हेंही तो नोंदवितो. भूभ्रंश म्हणजे काय हें ठाऊक नसलेल्या पुरुषानें भ्रंशाचीं दोन टोकें आणि त्याची उंची मोजून ठेविली! त्या एका उताऱ्यामुळें पघमानच्या भ्रंशाची शेवटची मोठी हालचाल केव्हां झाली याचा निर्णय करणें शक्य झालें.

दुसरें उदाहरण कच्छचें. १६ जून १८१९ रोजीं तेथें झालेल्या भूकंपांत सिंद्रीचा किल्ला पाण्याखालीं गेला, आणि त्याच्या उत्तरेस रणांत सुमारें ऐशीं किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला. मनुष्यानें घातलेल्या बांधांहून हा निराळा म्हणून लोकांनीं त्यास अल्लाबंद हें नांव दिलें. जेम्स मॅकमर्डो यानें जमविलेली हकीकत मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत १८२३ मध्यें छापली गेली, आणि ती आजही अभ्यासकांस आधारभूत आहे. विद्वत्सभेच्या जुन्या खंडांतील एक निबंध दोनशें वर्षांनीं कोणाच्या कामास येईल, हें छापणाऱ्यास कोठून ठाऊक असणार?

आतां उलट बाजू पाहूं. १७३७ च्या ऑक्टोबरांत कलकत्त्यास भूकंप होऊन तीन लक्ष माणसें मेलीं, असें विधान भूकंपांच्या याद्यांतून दीर्घकाळ चालत आलें. त्याचें मूळ लंडनच्या एका मासिकांतील बातमींत होतें. तींत वादळ आणि भूकंप दोन्ही सांगितलीं होतीं. रॉजर बिल्हॅम यांनीं १९९४ मध्यें मूळ कागद तपासले, तेव्हां कंपनीच्या वृत्तांत मृतांची संख्या सुमारें तीन हजार निघाली, आणि नाश प्रचंड वादळानें केला असें दिसून आलें. त्या काळच्या कलकत्त्याची वस्तीही तीन लक्ष नव्हती. एवढी साधी शंका सुमारें अडीचशें वर्षें याद्या उतरून घेणाऱ्यांस आली नाहीं!

तिथीचा घोळही असाच बाधतो. वर सांगितलेल्या काबूलच्या भूकंपाच्या सुमारें एक महिना आधीं, ६ जून १५०५ रोजीं, नेपाळांतील मुस्तांग व तिबेटचा लगतचा प्रदेश यांत अतिशय मोठा भूकंप झाला. हिजरी ९११ च्या मोहरम आणि सफर या लागोपाठच्या महिन्यांतील हे दोन प्रसंग. पुढील लेखकांनीं त्यांची गल्लत केली. ॲम्ब्रेसीज आणि जॅक्सन यांनीं २००३ मध्यें साधनें पुन्हा तपासून ते निराळे केले. एका महिन्याच्या चुकीनें हिमालयाच्या भ्रंशाची फेड काबूलच्या खात्यावर जमा होत होती. तिथि जुळविण्याचें काम क्षुद्र मानणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत धरावें.

कोणी म्हणेल, काबूल, कच्छ आणि कलकत्ता यांचें आम्हां दख्खनवाल्यांस काय? दख्खनची भूमि अचल आहे, अशीच समजूत पुष्कळ काळ होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानें तिला पहिला मोठा धक्का दिला. तरीही लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी गांव सरकारी नकाशांत सर्वांत कमी भयाच्या पट्ट्यांत राहिलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचें विसर्जन करून लोक निजले असतां, तेथें ६.२ परिमाणाचा भूकंप होऊन सुमारें दहा हजार माणसें दगडमातीच्या घरांखालीं मेलीं. नकाशांतील तो सर्वांत कमी भयाचा पट्टा २००२ च्या सुधारणेंत काढूनच टाकण्यांत आला.

किल्लारीचा भ्रंश आधीं कोणास दिसला नव्हता, कारण तो काळ्या पाषाणाच्या जाड थरांखालीं झांकलेला आहे. शिवाय आपल्याकडील भ्रंशांची गति अत्यंत मंद. वर्षास एक दशांश मिलिमीटर सरकणाऱ्या भ्रंशास एका मीटराची बाकी सांचवावयास दहा हजार वर्षें लागतात. तेवढ्या काळापुढें आपलीं दप्तरें म्हणजे कालपरवाचीं. तेव्हां नोंदवहींत जेथें रेषा नाहीं तेथें भ्रंश नाहीं, असें समजणें घातक होय. सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन यांनीं किल्लारी आणि तेर येथील निरीक्षणें १९९९ मध्यें प्रसिद्ध करून, या भागांत प्राचीन काळींही भूमि हलली असावी असें अनुमान काढलें. तेर म्हणजे आपलें प्राचीन तगर. त्या अनुमानास बळकटी देणारा अगर तें खोडणारा शिलालेख किंवा जीर्णोद्धाराचा उल्लेख शोधणें हें आपलेंच काम आहे.

नोंद असून ती लोकांपर्यंत न पोहोंचणें हा निराळा दोष. जपानांतील विद्वानांनीं आपल्या देशांतील जागृत भ्रंशांचा ग्रंथ १९८० मध्यें काढला व १९९१ मध्यें सुधारला. त्यांत आवाजी बेटावरील नोजिमा भ्रंश होता. १७ जानेवारी १९९५ रोजीं तोच भ्रंश फाटला आणि कोबे शहर व आसपासच्या मुलखांत सहा हजारांवर माणसें मेलीं. ग्रंथ होता, पण तो पंडितांच्या कपाटांत होता. त्याच वर्षीं जपानी सरकारनें भूकंपसंशोधनासाठीं निराळें मंडळ स्थापिलें, आणि भ्रंशांचें संशोधन करून त्यांचें भय जनतेस कळविणें हें त्याच्या मुख्य कामांपैकीं एक झालें.

आमच्या संग्राहकबंधूंस हा दोष अनोळखी नाहीं. कागद मिळवावा, रेशमी रुमालांत बांधावा, आणि दुसऱ्यास दाखवूं नये, ही वृत्ति अजून आपल्यांत आहे. इतर विषयांत तिनें विद्येची हानि होते. या विषयांत प्राणहानीशीं तिचा संबंध येतो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, धरणीकंपाचा उल्लेख सांपडतांच तो प्रसिद्ध करावा. मात्र पुढील गोष्टी पाळाव्या. मूळ ओळ अक्षरशः द्यावी, नुसता सारांश देऊं नये. तिथि, वार, शक किंवा सुहूर सन जसा असेल तसा देऊन मग इंग्रजी तारीख काढावी. लिहिणारा त्या वेळीं कोठें होता, व त्यानें स्वतः अनुभविलें कीं ऐकलें, हें सांगावें. वादळ किंवा दारूखान्याचा स्फोट यांचा संशय असल्यास तसें नमूद करावें. वाचन संशयित असेल तर संशयित म्हणावें. संशयित म्हणून नोंदलेली ओळ खोट्या निश्चयापेक्षां अधिक उपयोगी पडते. आणि शेवटीं, एखाद्या ठिकाणची रोजची टिपणें वर्षानुवर्षें सलग उपलब्ध असून त्यांत भूकंपाचें नांवही नसेल, तर तेंही कळवावें. त्या काळांत तेथें मोठा धक्का बसला नाहीं असें म्हणण्यास ही मोठी साक्ष होय.

एकेक ओळ क्षुल्लक दिसेल. परंतु किल्लारीच्या आधींच्या शतकांविषयीं तशा दहा ओळी हातीं असत्या, तर त्या गांवास निर्भय पट्ट्यांत बसविणाऱ्यांस निदान थबकून विचार करावा लागला असता. ज्यांच्या संग्रहीं असे उल्लेख असतील, त्यांनीं ते या त्रैमासिकाकडे धाडावे, अशी आमची विनंती आहे.