नंदादेवीच्या वाटेवरचे ओझे

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात पहिली चिंता उभी राहते ती नव्या गावाची नसते, सामानाची असते. भुसावळचा माणूस शिलाँगला निघो की पुण्याचा जबलपूरला, दोन बिऱ्हाडांच्या मधल्या त्या आठवड्यात आपण किती वस्तू बाळगून आहोत याचा हिशेब प्रथमच डोळ्यांसमोर येतो. बांधाबांध करणारी मंडळी 'हे कशाला हवे?' असे विचारतात, आणि आपणाजवळ उत्तर नसते. ज्यांना हा अनुभव आहे त्यांना गढवालच्या इतिहासातील एक प्रकरण विशेष जवळचे वाटेल. त्या प्रकरणाचा नायक कोणी एक मनुष्य नाही. ओझे हाच त्याचा खरा विषय आहे.

नंदादेवीचे शिखर २५,६४३ फूट उंच आहे. परंतु त्याची कीर्ती केवळ उंचीमुळे नाही. या शिखराभोवती पर्वतांचा सुमारे ७० मैल घेराचा कोट आहे आणि तो जवळजवळ कोठेही १७,००० फुटांखाली उतरत नाही. आतील हिमनद्यांचे पाणी ऋषिगंगेच्या रूपाने पश्चिमेकडील एकाच घळीतून बाहेर पडते. उभ्या कड्यांमधली ती घळ हाच त्या गडाचा दरवाजा, आणि तो शतकानुशतके बंद होता. १८८३ साली ग्रॅहम याने प्रयत्न केला व तो परत फिरला. १९०५ साली डॉ. लाँगस्टाफ पूर्वेकडील कोटावर चढून आत डोकावला; १९०७ साली त्याने त्रिशूळ सर केले, पण घळीचा वरचा भाग त्यालाही ओलांडता आला नाही. रटलेज याने १९२६ ते १९३२ या काळात तीन वेळा निरनिराळ्या बाजूंनी वाट शोधली आणि तीनही वेळा निराशा पदरी घेतली.

त्या काळी हिमालयात जायचे म्हणजे लहानशी फौज घेऊन जायचे, अशी रीत पडली होती. १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर तिबेटातून शेकडो ओझ्याची जनावरे चालली. या रीतीतला दोष साध्या अंकगणिताने ध्यानात येतो. हमाल ६० पौंड वाहतो आणि दिवसाला २ पौंड खातो असे धरले, तर ३० दिवसांत तो स्वतःचेच ओझे खाऊन संपवतो. जिथे वाटेत गाव नाही तिथे हमालांचे अन्न वाहण्यासाठी आणखी हमाल लागतात आणि त्या हमालांसाठी आणखी. ऋषिगंगेच्या घळीत तर जनावर जाऊच शकत नाही, आणि माणसांची रांग कड्यावरच्या एकेरी पायरीवर खोळंबून राहते. मोठी मोहीम त्या दारातून मावणेच शक्य नव्हते.

१९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन या दोघांनी हा हिशेब उलट बाजूने मांडला. दोघेही केनियातील मळेवाले. १९३० साली त्यांनी माउंट केनियावर एकत्र चढाई केली होती. शिप्टन १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होता आणि तिथला पसारा पाहून उबगला होता. टिलमनने १९३३ साली युगांडाहून आफ्रिकेचा पश्चिम किनारा सायकलवरून गाठला होता. अडचण सोसण्यात त्याला एक प्रकारचा आनंदच वाटे. इंग्लंडहून ते मालवाहू जहाजाने कलकत्त्यास आले. दार्जिलिंगकडील तीन शेर्पा त्यांना मिळाले : आंग थारके, पासंग आणि कुसांग. ही पाच माणसे म्हणजे सारी मोहीम. पायथ्यापर्यंत ओझी पोचवण्यासाठी पश्चिम नेपाळातील डोटी भागाचे हमाल घेतले, ते काम होताच परतले. कित्येक महिन्यांच्या या प्रवासाचा दोघा इंग्रजांचा मिळून खर्च तीनशे पौंडांच्या आत राहिला.

त्यांनी काय नेले यापेक्षा काय नेले नाही हे अधिक बोलके आहे. डबाबंद मिष्टान्ने, खुर्च्या-मेजे, जादा कपडे यांना फाटा मिळाला. सातू, पीठ, तांदूळ, तूप, साखर असा बहुतेक शेर्पांच्याच ताटातला शिधा साहेबांनीही खाल्ला. माणशी २ पौंडांच्या हिशेबाने पाच जणांना पाच आठवड्यांचे अन्न म्हणजे ३५० पौंड. तंबू, दोर, भांडी, अंथरूण-पांघरूण निराळे. एवढे ओझे पाच पाठींवर एका खेपेत जात नाही. म्हणून थोडे पुढे नेऊन ठेवायचे, परत यायचे, पुन्हा उचलायचे, असा क्रम चालला. त्या खेपांत साहेबही ओझी वाहत होते. घळीचे शेवटचे चार मैल ओलांडायला नऊ दिवस लागले. एका बाजूचे कडे संपले की फुगलेली नदी ओलांडून दुसरी बाजू पाहायची, तीही संपली की परतायचे. अखेर दक्षिणेकडील कड्यांवर एकीला एक जोडलेल्या अरुंद पायऱ्यांची मालिका सापडली. त्यांतली एक जरी तुटलेली असती तर वाट संपली असती. जून महिन्यात ते पाच जण आतल्या कुरणांवर उतरले. त्यापूर्वी तिथे माणसाचे पाऊल पडल्याची नोंद नाही.

ओझे कमी करणे म्हणजे नुसते सोसणे नव्हे, हे इथे ध्यानात घ्यावे. टाकलेल्या प्रत्येक वस्तूची जागा एखाद्या विद्येने भरून काढावी लागते. मोठा तंबू टाकला तर वाऱ्याची दिशा कळली पाहिजे. अन्न मोजके घेतले तर कोणती नदी दुपारनंतर फुगते आणि कोणता उतार सकाळीच ओलांडावा, हे चुकता कामा नये. आणि विद्या अपुरी पडली तर काय होते, हेही त्याच वर्षी दिसले. बदरीनाथ आणि केदारनाथ या दोन्ही देवस्थानांची पूजा एके काळी एकच पुजारी एका दिवसात करीत असे, अशी दंतकथा आहे. त्या दंतकथेच्या शोधात पावसाळ्यात हे पाच जण मधला जलविभाजक ओलांडून पलीकडे उतरले, ते थेट घनदाट जंगलात. शिधा संपला. मग बांबूचे कोवळे कोंब आणि झाडांवरची अळंबी यांवर दिवस काढावे लागले, आणि त्या कोंबांचे दुसरे गिऱ्हाईक अस्वल होते! हलका प्रवास आणि अविचार यांच्यामधली सीमा किती बारीक असते, हे त्या जंगलाने त्यांना शिकवले. तरीही सप्टेंबरात ते पुन्हा घळीतून आत गेले आणि दक्षिणेकडील सुंदरढुंगा खिंडीवरून बाहेर पडले.

सापडलेल्या वाटेने १९३६ साली ब्रिटिश-अमेरिकन तुकडी गेली आणि २९ ऑगस्टला टिलमन व ओडेल शिखरावर पोचले. १९५० पर्यंत मनुष्याने सर केलेले ते सर्वांत उंच शिखर होते. मात्र त्या यशाबरोबर एक मृत्यूही नोंदवायला हवा : कितार नावाचा अनुभवी शेर्पा पायथ्याच्या तळावर आमांशाने गेला. मोहीम कितीही सडसडीत असली तरी तिचा भार कोणाच्या तरी देहावर पडतोच. आंग थारके १९५० च्या फ्रेंच अन्नपूर्णा मोहिमेचा सरदार झाला आणि त्याच्या आठवणींचे पुस्तक १९५४ साली फ्रेंचमध्ये निघाले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पासंग आणि कुसांग यांना तेवढेही भाग्य लाभले नाही.

जगाने शिप्टनचा धडा लगेच घेतला असेही नाही. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व त्याच्याकडून काढून घेण्यात आले. शेकडो हमालांची मोठी मोहीम निघाली आणि ती यशस्वीही झाली. इतिहासाने हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे की शिखर जिंकण्याच्या कामी मोठे ओझे कधी कधी जिंकते. प्रश्न त्यानंतरचा आहे.

त्याचे उत्तर नंदादेवीनेच दिले. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केला. चिनी क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी १९६५ साली अमेरिकेच्या व भारताच्या गुप्तचर खात्यांनी मिळून एक यंत्र नंदादेवीवर चढवले. त्याला वीज पुरवणारे जनित्र प्लुटोनियमवर चालणारे होते आणि सगळे साहित्य सुमारे ५६ किलोंचे होते. ते जनित्र उबदार असल्याने वाहणाऱ्यांना हवेसे वाटे, असे पुढे सांगितले गेले. पाठीवर काय आहे हे त्यांना कोठे ठाऊक होते? वादळ आले, यंत्र वरच्या तळावर बांधून मंडळी उतरली आणि १९६६ साली परत गेली तेव्हा ते जागेवर नव्हते. एप्रिल १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत या प्रकरणाची कबुली दिली. ते जनित्र अद्याप सापडलेले नाही.

१९७४ साली परदेशी मोहिमांना मुभा मिळताच घळीतून रीघ लागली. भूर्ज आणि हिमाळी झुडपे सरपणासाठी तुटली, तळांवर डबे आणि दोर साचले, कस्तुरीमृगांची शिकार झाली. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि आतला प्रदेश लवकरच सर्वांना बंद करण्यात आला; १९८८ साली तो जागतिक वारसा ठरला. १९९३ साली भारतीय सैन्याची तुकडी आत गेली, तिला शिखराबरोबरच केरही पाठीवर घेऊन यावे लागले. या बंदीची खरी किंमत मात्र दाराबाहेरच्या लाता व रैणी यांसारख्या गावांनी मोजली. त्यांची पिढीजात कुरणे गेली आणि ओझी वाहण्याची मजुरीही गेली. रैणी हे तेच गाव, जिथे मार्च १९७४ मध्ये गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी झाडांना मिठी मारून तोड थांबवली होती. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला प्रलय आला. शास्त्रज्ञांनी रौंठी शिखराखालचा खडक व बर्फ कोसळल्याचे कारण दिले. गावकऱ्यांच्या मनात मात्र त्या हरवलेल्या यंत्राचीच शंका प्रथम उठली. शंका निराधार असेल. पण कोणा दुसऱ्याने टाकलेल्या ओझ्याची धास्ती अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्यांच्याच उशाशी होती, हे खरे.

तात्पर्य, ओझे टाकून देता येत नाही. ते कोणाच्या तरी दारात जाऊन पडते. १९३४ च्या त्या पाच जणांनी ते मुळात उचललेच नाही. पुढच्या बदलीच्या वेळी ट्रंका बांधताना 'हे कशाला हवे?' असा प्रश्न घरात उठला, तर त्याला सावकाश उत्तर द्यावे. आणि ज्या हमालाच्या डोक्यावर त्या ट्रंका चढणार आहेत त्याचे नावही एकदा विचारावे.