नाताळच्या दिव्याखालचा अंधार

सणाच्या दिवशी माणसाने आनंदी असलेच पाहिजे, असा एक अलिखित दंडक बहुतेक समाजांत आढळतो. घरात आजारपण असो, डोक्यावर कर्ज असो, भावाभावांत अबोला असो. त्या दिवशी दारात दिवा लागतो, पानात गोड पडते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हसून शुभेच्छा द्याव्या लागतात. हा सक्तीचा आनंद आणि प्रत्यक्ष आयुष्य यांच्यात जी फट राहते, त्या फटीतून कथासाहित्याचा एक वेगळाच प्रकार जन्माला आला. सणासुदीवरील काळ्या विनोदाच्या कथा, हा तो प्रकार होय. मृत्यू, दारिद्र्य, एकाकीपण, वेड यांसारख्या ज्या विषयांवर एरवी कोणी हसत नाही, त्यांतून हसू निर्माण करणारा तो काळा विनोद. त्याला सणाची पार्श्वभूमी लाभली की तो अधिकच गडद होतो.

युरोप-अमेरिकेत हा प्रकार प्रामुख्याने नाताळाभोवती वाढला. त्याची कारणे उघड आहेत. नाताळ हा तेथील वर्षातील सर्वांत मोठा कौटुंबिक सण. तो येतो ऐन हिवाळ्यात, दिवस सर्वांत लहान आणि रात्री सर्वांत मोठ्या असताना. शेकोटीभोवती बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याची इंग्लंडमधील प्रथा जुनीच. एकोणिसाव्या शतकात तिला छपाईच्या धंद्याची जोड मिळाली आणि नियतकालिकांचे खास नाताळ अंक निघू लागले. चार्ल्स डिकन्सने आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्‌स' या साप्ताहिकाचा नाताळ अंक १८५० पासून काढला. शेरलॉक होम्सची पहिली कथा 'अ स्टडी इन स्कार्लेट' हीदेखील १८८७ च्या 'बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल'मध्येच प्रसिद्ध झाली. म्हणजे सणाच्या अंकात खुनाची गोष्ट, हे तेथील वाचकाला मुळीच विचित्र वाटत नव्हते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाबरोबर वाचनाची सवय लागलेल्या मराठी माणसाला ही प्रथा समजावून सांगण्याची गरज नाही.

मेलेल्या माणसाचे पडदे

या परंपरेचा आरंभ डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरोल'पासून मानावा लागतो. १९ डिसेंबर १८४३ रोजी हे छोटेखानी पुस्तक लंडनमध्ये प्रकाशित झाले आणि पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळापूर्वीच खपल्या. कंजूष स्क्रूजला तीन भुते भेटतात आणि त्याचे हृदयपरिवर्तन होते, एवढेच या कथेविषयी साधारणपणे लक्षात राहते. तिच्यातील भीषण विनोद मात्र विस्मरणात जातो. समोर उभे राहिलेले भूत हा अपचनाचा परिणाम असावा, अशी शंका स्क्रूज त्या भुतालाच बोलून दाखवतो. पुढे भविष्यकाळ दाखवणारा आत्मा त्याला एका मृत माणसाविषयीचे संभाषण ऐकवतो. शहरातील प्रतिष्ठित व्यापारी अंत्ययात्रेला जावे की न जावे याची चर्चा करत असतात आणि त्यांतील एक जण सांगतो, जेवणाची सोय असेल तर मी येईन. त्याच माणसाच्या घरची धोबीण, मोलकरीण आणि प्रेताची व्यवस्था पाहणारा इसम त्याच्या पलंगाचे पडदे, इतकेच नव्हे तर अंगावरचा सदरासुद्धा भंगारवाल्याकडे विकायला आणतात. मेलेला माणूस आपणच आहोत, हे स्क्रूजला सर्वांत शेवटी कळते.

डिकन्सला हे सारे केवळ गंमत म्हणून सुचले नव्हते. वडील कर्जात बुडाल्यामुळे १८२४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात काम करावे लागले होते. सणाच्या आनंदाची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजत असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. पुढील दीडशे वर्षांत या प्रकारातील उत्तम लेखक हाच धागा पकडून लिहीत आले.

कागदी पिशवीचा बार

डिकन्सच्या यशानंतर नाताळच्या भुतांचे इतके पीक आले की त्यांचीच टिंगल होऊ लागली. जेरोम के. जेरोम या विनोदी लेखकाने १८९१ मध्ये 'टोल्ड आफ्टर सपर' हे पुस्तक लिहून या प्रथेची मनसोक्त खिल्ली उडवली. नाताळची आदली रात्र म्हणजे भुतांचा वार्षिक उत्सव, असा त्याचा एकंदर सूर आहे.

त्यानंतर आला 'साकी', म्हणजेच हेक्टर ह्यू मन्रो. १८७० मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेला आणि लहानपणी आई वारल्यानंतर इंग्लंडमध्ये कडक स्वभावाच्या आत्यांच्या हाताखाली वाढलेला हा लेखक. घरगुती जुलमाची त्याला उत्तम जाण होती. 'रेजिनाल्ड' या १९०४ च्या संग्रहातील एका कथेत नाताळसाठी परक्या घरी अडकलेला रेजिनाल्ड कंटाळ्यावर उपाय शोधतो. पाहुण्यांपैकी एका बाईने आपल्याला पहाटे उठवावे, अशी सहीची चिठ्ठी दारावर लावलेली असते. रेजिनाल्ड सही तेवढी उघडी ठेवून वरचा मजकूर झाकतो आणि त्या जागी आत्महत्येपूर्वीचा निरोप लिहितो. लष्करी इतमामात अंत्यविधी व्हावा, ही इच्छाही नोंदवतो. मग हवा भरलेली कागदी पिशवी फोडून बार काढतो आणि मोठ्याने कण्हतो. यजमानांच्या शिस्तबद्ध करमणुकीचा तेथेच निकाल लागतो.

साकीची 'बर्टीज ख्रिसमस ईव्ह' ही कथा याहून बोचरी आहे. बर्टी हा नातलगांना नकोसा झालेला तरुण. कधी या वसाहतीत तर कधी त्या वसाहतीत त्याची रवानगी होत असते आणि आता त्याला ऱ्होडेशियाला धाडायचे ठरलेले असते. नाताळच्या मध्यरात्री जनावरे बोलतात, या दंतकथेची परीक्षा पाहण्यासाठी घरची मंडळी पाहुण्यांसह गोठ्यात जातात. बर्टी बाहेरून दाराला कुलूप लावतो आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी लोकांना बोलावून घरातील शँपेन पाजतो. ज्याला घरात स्थान नाही, त्याने एका रात्रीपुरते घरच्यांना गोठ्यात ठेवले, हा त्यातील काव्यगत न्याय. हा संग्रह १९१९ मध्ये निघाला, तेव्हा साकी हयात नव्हता. नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर तो मारला गेला होता.

न पोहोचलेली पत्रे

सणाला पत्रे आणि निमंत्रणे यांचे मोठे महत्त्व. ती पोहोचलीच नाहीत तर काय होते, यावर दोन अविस्मरणीय कथा आहेत.

पहिली अंतोन चेखवची 'वान्का'. २५ डिसेंबर १८८६ रोजी ती सेंट पीटर्सबर्गच्या एका वृत्तपत्रात छापून आली, तेव्हा चेखव अवघा सव्वीस वर्षांचा होता. मॉस्कोतील एका चांभाराकडे उमेदवारीला ठेवलेला नऊ वर्षांचा पोर नाताळच्या आदल्या रात्री चोरून आजोबांना पत्र लिहितो. मालकाच्या तान्ह्या मुलाला जोजवताना डोळा लागला म्हणून मार बसला. मासा शेपटीकडून साफ करायला घेतला म्हणून मालकिणीने तोच मासा तोंडावर घासला. मला येथून घेऊन जा. या विनवण्यांच्या अधूनमधून तो बाजारातील मासे पकडण्याच्या गळांची आणि बंदुकांची वर्णनेही मोठ्या कौतुकाने करतो. शेवटी पाकिटावर पत्ता घालतो, 'खेड्यातले आजोबा'. थोडा विचार करून आजोबांचे नाव जोडतो आणि पत्र पेटीत टाकून समाधानाने झोपी जातो. वाचकाला हसू येते आणि त्याच क्षणी त्या हसण्याची लाज वाटते. पत्त्यावाचूनच्या पत्रासाठी तो शब्दप्रयोग रशियन भाषेत पुढे म्हणीसारखा रूढ झाला.

दुसरी कथा इव्हलिन वॉ या इंग्रज लेखकाची, १९३२ मधली, 'बेला फ्लीस गेव्ह अ पार्टी'. आयर्लंडमधील पडक्या वाड्यात राहणारी ऐंशी ओलांडलेली बेला जुनी पुस्तके विकून पैसा उभा करते आणि नाताळच्या सुमारास मोठी मेजवानी ठरवते. निमंत्रितांची यादी ती मोठ्या काटेकोरपणे करते. न आवडणाऱ्यांना वगळते. वाडा सजतो, वाद्यवृंद येतो, पंगत मांडली जाते. पण कोणीच फिरकत नाही. उशिरा दोन स्त्रिया तेवढ्या येतात आणि त्या नेमक्या यादीतून मुद्दाम वगळलेल्या. या धक्क्याने बेलाचा अंत होतो. तिच्या मागे घर आवरताना वारसाला तिच्या टेबलात सर्व निमंत्रणे सापडतात. त्यांवर पत्ते घातलेले असतात, तिकिटे लावलेली असतात. ती टपालात मात्र कधी पडलेलीच नसतात.

रोजचा नाताळ

दुसऱ्या महायुद्धानंतर या विनोदाला राजकीय धार आली. पुढे १९७२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरलेल्या हाइनरिश ब्योल या जर्मन लेखकाची १९५२ ची कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्या शीर्षकाचा आशय 'केवळ नाताळपुरते नव्हे' असा. कथेतील मिलाकाकूंना नाताळचे झाड अतिशय प्रिय. युद्ध म्हणजे त्यांच्या लेखी झाडावरच्या काचेच्या बुटक्यांना बाँबहल्ल्याने पोहोचणारा उपद्रव. युद्ध संपते, झाड पुन्हा सजते. पण सण उलटल्यावर ते उतरवू लागताच काकू किंचाळू लागतात आणि थांबतच नाहीत. उपाय एकच सापडतो. रोज संध्याकाळी नाताळ साजरा करायचा. उन्हाळ्यातही झाड, गाणी आणि मिठाई. हळूहळू कुटुंबाची वाताहत होते. कोणाचे मानसिक संतुलन ढळते, कोणी परदेशाची वाट धरतो, कोणी मठात जातो. अखेर घरची माणसे आपल्या जागी भाडोत्री नट बसवतात आणि मुलांच्या जागी मेणाचे पुतळे. काकू मात्र प्रसन्न असतात.

कोट्यवधींचा संहार घडून गेल्यावर जणू काही झालेच नाही, अशा थाटात जुने सुख पुन्हा मांडू पाहणाऱ्या समाजावरचे हे भाष्य होते. भूतकाळाकडे पाहायचे नसेल तर सणासारखा दुसरा आडोसा नाही, हे ब्योलने ओळखले होते.

सांताच्या मदतनीसाची रोजनिशी

अलीकडच्या काळात या प्रकाराला नवे वाचक मिळवून दिले ते अमेरिकन लेखक डेव्हिड सेडारिस यांनी. २३ डिसेंबर १९९२ रोजी अमेरिकेच्या सार्वजनिक नभोवाणीवर त्यांनी 'सांतालँड डायरीज' वाचून दाखवली आणि जवळजवळ अपरिचित असलेला हा लेखक एकाएकी प्रसिद्धीस आला. न्यूयॉर्कमधील एका प्रचंड दुकानात सांताक्लॉजचा मदतनीस म्हणून हिरव्या मखमली पोशाखात केलेल्या हंगामी नोकरीची ती हकिकत. तेहतीस वर्षांचा माणूस 'क्रम्पेट' हे नाव धारण करून दिवसभर हसतमुख उभा असतो. रडणाऱ्या लेकराला छायाचित्रासाठी धमकावून हसायला लावणारे आईबाप त्याला दिसतात. आपल्याच वर्णाचा सांता मिळावा म्हणून आडून सुचवणारी कुटुंबेही दिसतात.

१९९७ मध्ये निघालेल्या 'हॉलिडेज ऑन आइस' या त्यांच्या संग्रहात ही रोजनिशी आहेच. शिवाय काही काल्पनिक कथाही आहेत. शाळकरी मुलांच्या नाताळच्या नाटुकल्यांवर तुटून पडणारा नाट्यसमीक्षक एका कथेत भेटतो. दुसरी कथा नातेवाइकांना पाठवायच्या वार्षिक खुशालीच्या पत्राच्या रूपात आहे. उद्गारचिन्हांनी नटलेले ते पत्र जसजसे पुढे सरकते, तसतशी त्या घरातील एका अर्भकाच्या मृत्यूची भयंकर हकिकत उलगडत जाते. लिहिणारीचा उत्साही सूर मात्र अखेरपर्यंत बदलत नाही. अंगावर काटा येतो तो याच सुरामुळे.

हसायचे कोणाला?

या सर्व कथा एकत्र ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी एकीतही सणाची किंवा श्रद्धेची थट्टा नाही. थट्टा आहे ती सणाच्या नावाखाली होणाऱ्या दडपणाची, दिखाव्याची आणि विसराळूपणाची. वान्काला कोणी हसत नाही. हसू त्याच्या भाबड्या पत्त्यावर येते आणि बोट मात्र त्याच्या मालकाकडे जाते. बेलाच्या निमंत्रणांची गंमत वाटते, पण तिचे एकाकीपण कोणालाच गमतीचे वाटत नाही. काळ्या विनोदाची चांगली कथा ओळखण्याची खूण हीच. दुबळ्याला हसणारी कथा केवळ क्रूर ठरते. जो सण साजरा करू शकत नाही, त्याच्या बाजूला उभी राहून उरलेल्यांकडे पाहणारी कथा टिकते.

आपल्याकडे दिवाळीत सारी इमारत उजळलेली असताना फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेला रखवालदार असतो. परदेशी असलेल्या मुलाच्या दूरध्वनीची वाट पाहत फराळाचे ताट झाकून ठेवणारे आजी-आजोबा असतात. त्या वर्षी घरातले माणूस गेलेले असल्याने ज्यांच्या दारात कंदील लागलेला नाही, असे एखादे बिऱ्हाडही असते. अशा माणसांना आणखी एका शुभेच्छापत्राचा फारसा उपयोग नसतो. आपल्यासारखाच अंधार कोणीतरी पाहिला, त्यावर धीटपणे हसला आणि ते लिहून ठेवले, एवढे कळले तरी त्यांना सोबत होते. दीडशेहून अधिक वर्षे या कथा सणासुदीला पुन्हापुन्हा वाचल्या जातात, त्याचे कारण बहुधा हेच असावे.