तुमचं मैदान कुठलं?

श्रोतेहो, छंद नाना तऱ्हेचे असतात. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी, तर कुणी गड-किल्ले पालथे घालतं. पण मैदानं जमवणारा माणूस मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा भेटला, तोही घरापासून हजारो मैलांवर.

थोरली लेक आणि जावई नोकरीनिमित्त इंग्लंडात शेफील्डला असतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरल्यावर तिच्याकडे दोन महिने राहायला गेलो. पहिल्याच शनिवारी ती म्हणाली, "अब्बा, घरात बसून काय करणार? वर टेकाडावर फुटबॉलचं मैदान आहे. तुम्ही कोल्हापूरचे, जाऊन या."

मी गेलो. फिरत्या फाटकातून आत शिरलो. पाहतो तर काय, मैदान चक्क उतरतं! एका बाजूला गोल वर, दुसरीकडे चेंडू आपसूक खाली घरंगळतोय. कठड्याला टेकून दोन-तीनशे माणसं उभी. चहाच्या टपरीवर काळपट, वाफाळतं पेय मिळत होतं. चहा समजून मागणार, तेवढ्यात शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "थांबा, ते गोमांसाचं सार आहे." माझा चेहरा पाहून त्यांनीच मला साधा चहा आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेऊन दिल्या. अशी आमची ओळख झाली.

त्यांच्या खिशात एक छोटी वही होती. त्यात पाहिलेल्या प्रत्येक मैदानाचं नाव, तारीख, सामन्याचा निकाल. चाळीस वर्षांची नोंद. या छंदाला तिकडे ग्राउंडहॉपिंग म्हणतात. शनिवारी सकाळी डबा घ्यायचा, रेल्वेनं किंवा बसनं एखादं आडगाव गाठायचं, तिथल्या संघाचा सामना पाहायचा, वहीत नोंद करून रात्री परतायचं. आपली वारी पंढरपूरची एकच. यांची दर शनिवारी नवी. या पंथातही सोवळंओवळं आहे. सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला तरच मैदान मोजायचं, असं म्हणणारे आहेत. छापील पत्रक हातात पडलं नाही तर नोंद नाही, असे आहेत. एकही गोल झाला नाही तर पुन्हा यावं लागतं, असेही आहेत.

गृहस्थांनी मला विचारलं, "आणि तुमचं मैदान कुठलं?" या मंडळींत हा प्रश्न आपल्याकडच्या 'कुठल्या गावचे' इतका साधा. मी "कोल्हापूर" एवढंच म्हणालो आणि विषय बदलला. का बदलला, ते शेवटी सांगतो.

बी.ए.ला इतिहास माझा विषय होता, पण आम्ही शिकलो तो लढायांचा आणि तहांचा. गवताच्या तुकड्यालाही इतिहास असतो, हे मला त्या उतारावर कळलं. ते मैदान म्हणजे सँडीगेट. १८०४पासून तिथे क्रिकेट खेळलं जात होतं. त्या क्रिकेटवाल्यांनीच १८६०मध्ये हॅलम हा फुटबॉल क्लब काढला आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १८६० रोजी, इथे हॅलम आणि शेफील्ड या दोन क्लबांचा सामना झाला. पाहुण्या शेफील्डनं तो दोन गोलांनी जिंकला. आपल्याकडे तेव्हा बोरघाटातून आगगाडी अजून चढायची होती. जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेस बुकानं याच जागेची नोंद केली आहे. १८६७मध्ये शेफील्डच्या युडन नावाच्या नाट्यगृह-मालकानं एक चषक ठेवला. फुटबॉलची ती पहिली चषक स्पर्धा, आणि ती हॅलमनं जिंकली. पुढे तो चषक हरवला आणि शंभराहून अधिक वर्षांनी, १९९७च्या सुमारास, क्लबकडे परत आला.

ज्या शेफील्ड क्लबनं तो सामना जिंकला, त्याची कहाणी आणखी विलक्षण. हा जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. स्थापना २४ ऑक्टोबर १८५७, म्हणजे आपल्याकडे उठावाचा वणवा पेटला होता त्याच वर्षी. त्यांनी स्वतःचे नियम लिहून काढले. आज सगळं जग कॉर्नर किक घेतं, ती याच शेफील्डच्या नियमांतून आली. पण ज्यांनी जगाला खेळाचे नियम दिले, त्यांना स्वतःच्या मालकीचं मैदान मिळायला २००१ साल उजाडावं लागलं. तेही शेफील्डच्या बाहेर, शेजारच्या ड्रॉनफील्ड गावात. २०११मध्ये पैशांसाठी क्लबनं आपली हस्तलिखित नियमावली आणि जुने कागद लिलावात काढले. आठ लाख ८१ हजार पौंड आले. घर टिकावं म्हणून घरातले दागिने मोडतात, तसंच हे.

हे सगळे क्लब 'नॉन-लीग'. या शब्दामागेही इतिहास आहे. १८८८मध्ये १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. ती वाढत ९२ क्लबांची झाली. त्या ९२च्या बाहेरचे ते नॉन-लीग. एक प्रकारे पंक्तीबाहेरचे. खालचा क्लब कितीही चांगला खेळला, तरी पंक्तीत बसवायचं की नाही हे आत बसलेलेच मतदान करून ठरवत. १९७२मध्ये हेरफर्ड या नॉन-लीग संघानं आपल्या मैदानावर न्यूकॅसलसारख्या बड्या संघाला हरवलं. देशभर गवगवा झाला आणि त्याच वर्षी मतदानानं हेरफर्ड आत गेला. पण एक आत आला म्हणजे एक बाहेर गेला. तो बॅरो. त्याला परत पंक्तीत यायला २०२० साल लागलं. ४८ वर्षं! लंडनच्या वायव्येकडचा वील्डस्टोन १९८५मध्ये नॉन-लीगची सर्वोच्च स्पर्धा जिंकला, त्याच हंगामात चषकही जिंकला. पण बढती नाही, कारण जिंकला की वर जायचा, हा नियम १९८७मध्ये आला. पुढे १९९१मध्ये या वील्डस्टोनचं मैदानच विकलं गेलं. तिथे सुपरमार्केट उभं राहिलं. क्लब २००८पर्यंत इतरांच्या मैदानांवर भाडेकरू म्हणून खेळत राहिला.

या छोट्या क्लबांचे एकेकाळचे दिवस ऐकले की थक्क व्हायला होतं. हौशी खेळाडूंसाठी १८९३पासून एक वेगळा चषक होता. १९५१मध्ये त्याचा अंतिम सामना पाहायला वेम्ब्लीत एक लाख माणसं जमली होती. इस्थमियन लीग ही हौशी क्लबांची लीग १९०५मध्ये निघाली, तेव्हा जिंकणाऱ्याला चषकसुद्धा देत नसत. मान हेच पुरेसं, असं त्यांचं ब्रीदवाक्य. १९७४मध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेदच मोडीत निघाला आणि तो चषकही संपला.

तो चषक दहा वेळा जिंकणारा संघ म्हणजे उत्तरेतला बिशप ऑकलंड. फेब्रुवारी १९५८मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू गेले. तेव्हा संघ उभा करायला बिशप ऑकलंडचे तीन हौशी खेळाडू धावून गेले. हार्डिस्टी, लेविन आणि ब्रॅडली. बड्याच्या घरी मयत झाली की गरीब शेजारीच आधी पोहोचतो. पण २००१मध्ये या बिशप ऑकलंडनं आपलं जुनं मैदान सोडलं आणि नवं मैदान मिळायला २०१० उजाडलं. तोवर त्यांनीही दुसऱ्यांच्या अंगणात दिवस काढले.

मग मीही एक वही घेतली. लेक हसली, पण रेल्वेची तिकिटं तिनंच काढून दिली. लंडनच्या पूर्वेला इल्फर्डला गेलो, कारण तिथे आपलं एक नातं आहे. १९४८च्या ऑलिंपिकमधले सगळे फुटबॉल सामने काही मोठ्या स्टेडियमांत झाले नाहीत. काही इल्फर्ड, वॉल्थमस्टो, डल्विच अशा उपनगरांत झाले. ३१ जुलै १९४८ रोजी इल्फर्डला भारत विरुद्ध फ्रान्स हा सामना झाला. स्वतंत्र भारताचा हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. कर्णधार होता नागा टेकड्यांतला तालिमेरेन आओ. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या. रामननं बरोबरी साधली, पण अगदी शेवटच्या मिनिटांत फ्रान्सनं गोल केला आणि आपण १-२ असे हरलो. इल्फर्डच्या गवतावर उभा असताना मला माझा थोरला भाऊ आठवला. तोही अनवाणीच खेळायचा. बूट घेण्याची ऐपत नव्हती, हे खरं कारण. पण बुटानं चेंडू कळत नाही, असं तो सांगायचा.

डल्विचच्या मैदानाची गोष्ट मात्र रागाची आहे. तिथला एडगर केल हा १९२९मध्ये हौशी क्लबकडून खेळत असतानाच इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात गेला होता. २०१८च्या मार्चमध्ये या क्लबला जागेच्या मालकांनी कुलूप लावून बाहेर काढलं. जागेवर घरं बांधायची होती. लोक रस्त्यावर उतरले, प्रश्न संसदेपर्यंत गेला आणि डिसेंबरमध्ये क्लब घरी परतला. पूर्व लंडनच्या फॉरेस्ट गेटमध्ये तर लोकांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या 'ओल्ड स्पॉटेड डॉग' मैदानावर १८८८पासून फुटबॉल आहे. कारभाराला कंटाळलेल्या प्रेक्षकांनी २०१८मध्ये स्वतःचा क्लब काढला आणि २०२०मध्ये ती जमीनच विकत घेतली. जवळच्या रस्त्यावर मिठाईची, साड्यांची दुकानं, कानावर उर्दू आणि गुजराती. मला क्षणभर वाटलं, आपण आपल्याच पेठेत आहोत.

पण मनात घर केलं ते हिचिननं. लंडनच्या उत्तरेला अर्ध्या तासावर हे गाव. मैदानाचं नाव टॉप फील्ड. लाकडी पायऱ्या, भोवती झाडं. १९८९च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर मोठ्या स्टेडियमांतून उभं राहून सामना पाहणं बरीच वर्षं बंद होतं. असल्या मैदानांवर मात्र ते टिकून राहिलं. या जमिनीचा मालक क्लब नाही आणि कुणी बिल्डरही नाही. गावच्या गायी चारण्याचा हक्क सांभाळणाऱ्या एका जुन्या विश्वस्त मंडळाकडे ती आहे. म्हणजे आपल्या भाषेत गायरान! तिथेही सुपरमार्केटचा घाट घातला गेला होता. गावानं विरोध केला. गायी केव्हाच गेल्या, पण गायरान उरलं आणि त्यावर पोरं खेळतायत.

श्रोतेहो, गायरान म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय येतं, ते निराळं सांगायला नको. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉलचे संघ निघाले. तिकडे क्रिकेट क्लबातून निघाले, इकडे लाल मातीतून. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. पण स्टेडियम हे शेवटचं ठिकाण झालं. त्याआधी प्रत्येक पोराचं एक छोटं मैदान असतं.

माझंही होतं. घरामागं, दोन बाभळी आणि एक विहीर असलेलं. तिथे भावानं मला चेंडू छातीवर घ्यायला शिकवलं. ईदच्या दुपारी नवे कपडे मळवले म्हणून मार खाल्ला, तो तिथेच. कागदोपत्री ती जागा खेळासाठी राखीव होती, असं सगळे म्हणत. कागद मात्र कुणी पाहिला नव्हता. एके वर्षी पत्र्याचं कुंपण पडलं. आम्ही चारजण अर्ज घेऊन फिरलो. भाऊ म्हणाला, "कविता लिही, पेपरात छापून आण." मी लिहिली नाही. असल्या विषयावर कविता करायची म्हणजे घोषणाच होईल, असं मला तेव्हा वाटलं. आज तिथे दुकानांची इमारत आहे. भाऊही आता नाही. शेफील्डच्या त्या गृहस्थांना मी उत्तर का दिलं नाही, ते हे.

डल्विच, हिचिन, फॉरेस्ट गेट इथली माणसं काही आपल्यापेक्षा शूर नव्हती. फरक इतकाच की त्यांच्याकडे नोंदी होत्या. कुठल्या साली कोण खेळलं, जमीन कुणाची, कुणाच्या नावावर. ज्याची नोंद आहे, त्याच्यासाठी भांडता येतं. वह्या घेऊन फिरणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना मी आधी हसलो होतो. आता वाटतं, तेही एक प्रकारचे तलाठीच. सातबारा लिहितायत, फक्त खेळाचा.

परत आल्यावर मी माझी वही पुढे चालू ठेवली आहे. आमच्या जिल्ह्यातली मैदानं बघतो. कुठे शाळेमागचं, कुठे नदीकाठचं, कुठे तालमीच्या बाजूचं. एखाद्या कट्ट्यावर बसतो, जुन्या खेळाडूंना विचारतो आणि लिहून घेतो. जागा कुणाची, कधीपासून, कोण खेळलं. आजवर ३७ झाली. पहिल्या पानावर मात्र दुकानांच्या त्या इमारतीची जागा आहे. भावाचं नाव, बाभळी दोन, विहीर एक. ग्राउंडहॉपर मंडळींच्या नियमात हे बसत नाही. सामना न पाहता मैदान मोजायचं नसतं. पण मी तिथे पुष्कळ सामने पाहिले आहेत.

तुम्हीही आज संध्याकाळी एक कागद घ्या आणि तुमचं मैदान कुठलं, ते लिहून ठेवा. अजून असेल तर लवकर लिहा.