नायकाचा शेवट आणि रसिकांचा वाद

श्रोतेहो, तमाशाच्या फडावरून परतणारी माणसे वाटेने काय बोलतात, हे तुम्ही ऐकलेच असेल. "वग रंगला, पण शेवट जमला नाही," असा एक म्हणतो. दुसरा लगेच म्हणतो, "छे, शेवटासाठीच तर सगळा खेळ होता!" घर येते, पण वाद संपत नाही. आज अशाच एका वादाचा इतिहास तुमच्यापुढे ठेवायचा आहे. तो घडला अमेरिकेत आणि झाला तो एका बोलपटावरून. २०१२ साली प्रदर्शित झालेला 'द डार्क नाइट राइझेस' हा तो चित्रपट. बॅटमन नावाच्या नायकावरील तीन चित्रपटांतला शेवटचा.

तुम्ही म्हणाल, मुखवटे घालून उड्या मारणाऱ्या माणसाच्या गोष्टीत इतिहास तो कसला? पण जी गोष्ट लाखो माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली, जिच्यासाठी ती भांडली, तिचाही इतिहास असतो. आणि त्यात शिकण्यासारखेही पुष्कळ असते.

आधी हा बॅटमन कोण ते पाहू. १९३९ साली अमेरिकेतल्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या चित्रकथांच्या मासिकाच्या २७ व्या अंकात तो प्रथम अवतरला. बॉब केन आणि बिल फिंगर हे त्याचे जनक. केन यांचे नाव पहिल्यापासून छापले गेले. फिंगर यांना मात्र अधिकृत श्रेय मिळायला २०१५ साल उजाडावे लागले, आणि तोवर त्यांच्या निधनाला चाळीस वर्षे उलटून गेली होती. कथा साधी आहे. गॉथम नावाच्या काल्पनिक शहरात ब्रूस वेन या श्रीमंत मुलाच्या डोळ्यांदेखत त्याचे आईबाप गोळ्या घालून मारले जातात. मोठेपणी तो रात्री वटवाघळाचे सोंग घेऊन गुन्हेगारांशी झुंजतो. त्याच्या अंगी दैवी शक्ती नाही. तो पडतो, जखमी होतो, थकतो. म्हणूनच वाचकांना तो आपला वाटला.

आणि आपला म्हटला की त्याच्यावर हक्क सांगणे आलेच! मासिकांच्या पत्रव्यवहाराच्या पानांवर वाचक लेखकांना जाब विचारू लागले. १९६१ च्या सुमारास ज्युलियस श्वार्ट्झ या संपादकांनी पत्रलेखकांचे पूर्ण पत्तेही छापायला सुरुवात केली. झाले, गावोगावचे वाचक एकमेकांना पत्रे धाडू लागले. त्याच १९६१ साली जेरी बेल्स यांनी 'अल्टर इगो' नावाचे नियतकालिक काढले; त्याच्या प्रती त्यांनी साध्या हातयंत्रावर काढल्या. हे बेल्स कोण? डेट्रॉइटच्या एका विद्यापीठातले अध्यापक! रसिकांच्या या चळवळीच्या मुळाशी एक शिक्षक होता, हे आपल्या शिक्षक-बंधुभगिनींनी ध्यानात ठेवावे.

पुढे १९८८ साली तर कथेचा निकालच वाचकांच्या हाती देण्यात आला. बॅटमनचा जोडीदार रॉबिन हा त्या वेळी जेसन टॉड नावाचा मुलगा होता आणि तो पुष्कळांना आवडत नव्हता. एका अंकाच्या शेवटी तो स्फोटात सापडतो. त्याला जगवायचे असेल तर या क्रमांकावर दूरध्वनी करा, मारायचे असेल तर त्या क्रमांकावर, असे संपादकांनी छापले. ५,२७१ मते जगवण्याच्या बाजूने पडली, ५,३४३ मारण्याच्या. अवघ्या ७२ मतांनी त्या पोराचे मरण ठरले! बरे, एकाच माणसाने कितीदा मत द्यावे यालाही काही धरबंद नव्हता. हा काही विचार करून दिलेला कौल नव्हे. हे नुसते हात वर करणे झाले.

त्याच वर्षी आणखी एक प्रकार घडला. बॅटमनच्या नव्या चित्रपटासाठी मायकेल कीटन या नटाची निवड झाली. विनोदी भूमिका करणारा हा माणूस, हा कसला बॅटमन, म्हणून निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. १९८९ साली चित्रपट आला, अफाट चालला, आणि आज जुने रसिक कीटनचे नाव आदराने घेतात. नेमके तसेच २००६ साली घडले. जोकर या खलनायकासाठी हीथ लेजर निवडला गेला तेव्हा लोकांनी नाके मुरडली. २२ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी, लेजर वारला. त्याच वर्षी जुलैमध्ये 'द डार्क नाइट' झळकला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या मागे त्याला ऑस्कर पारितोषिक देण्यात आले. दोन्ही वेळा निकाल आधी लागला होता, साक्ष मागाहून आली.

आता मुख्य वादाकडे येऊ. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी २००५ साली 'बॅटमन बिगिन्स', २००८ साली 'द डार्क नाइट' आणि २०१२ साली 'द डार्क नाइट राइझेस' असे तीन चित्रपट काढले. तिन्हींत बॅटमन झाला होता ख्रिश्चन बेल. दुसऱ्या भागाच्या शेवटी हार्वी डेंट हा नावाजलेला सरकारी वकील सूडाने पेटून खुनी होतो. शहराचा धीर खचू नये म्हणून बॅटमन त्याचे गुन्हे स्वतःच्या माथी घेतो आणि पळून जातो. तिसरा भाग सुरू होतो तो आठ वर्षांनंतर. ब्रूस वेन काठी टेकत, घर कोंडून बसला आहे. बेन नावाचा मुखवटाधारी दांडगा शहरात येतो, बॅटमनचा कणा मोडतो, त्याला दूरदेशीच्या एका खोल विहिरीसारख्या तुरुंगात टाकतो, आणि अण्वस्त्राच्या धाकाने गॉथम ताब्यात घेतो. बॅटमन त्यातून वर येतो, शहर वाचवतो, बॉम्ब घेऊन समुद्राकडे उडतो. सर्वांना वाटते, तो मेला. पण शेवटी त्याचा म्हातारा सेवक आल्फ्रेड याला फ्लॉरेन्सच्या एका उपाहारगृहात तो बसलेला दिसतो.

जाता जाता एक सांगतो. त्या तुरुंगातून नायक बाहेर येतो तो देखावा आपल्या भारतातला आहे. मे २०११ मध्ये जोधपूरला त्याचे चित्रण झाले, आणि मागे दिसतो तो मेहरानगडचा किल्ला.

आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, मग उत्तरपक्ष. आपणही त्याच वाटेने जाऊ.

पूर्वपक्ष म्हणतो: हा चित्रपट फार लांबला, आणि त्याचे सांधे ढिले आहेत. मोडलेला कणा दोरीने टांगून नि ठोसा मारून बरा होतो काय? खिशात छदाम नसलेला माणूस परदेशी वाळवंटातून वेढलेल्या शहरात पोचतो तरी कसा? बेन हा एवढा भयंकर शत्रू. पण शेवटी कळते की खरी सूत्रे दुसरीच बाई हलवीत होती, आणि मग बेन एका क्षणात उडवला जातो. त्याचे मुखवट्याआडचे बोलणे तर पुष्कळांना नीट समजतच नाही. शहरात राज्यक्रांती झाली म्हणतात, पण सामान्य माणूस काय भोगत होता ते फारसे दिसत नाही. आणि सर्वांत मोठा आक्षेप चित्रकथांच्या जुन्या वाचकांचा: आमचा बॅटमन आठ वर्षे घरात रुसून बसणारा नव्हे, आणि काम सोडून परदेशी सुखाने राहणारा तर नव्हेच नव्हे!

उत्तरपक्ष म्हणतो: तुम्ही सांधे मोजता, पण इमारत पाहत नाही. पहिल्या भागात लहानगा ब्रूस विहिरीत पडतो, आणि बाप दोर घेऊन खाली उतरतो. तिसऱ्या भागात तो पुन्हा विहिरीत आहे. या वेळी बाप नाही. दोर कमरेला बांधून तो चढतो तेव्हा दरवेळी पडतो. दोर सोडतो, मरणाची भीती पुन्हा मनात येऊ देतो, तेव्हाच त्याची उडी साधते. पहिल्या भागात पेरलेले तिसऱ्यात उगवले आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी शहर एका असत्यावर उभे केले होते. त्या असत्याचे कर्ज तिसऱ्या भागात व्याजासकट फेडावे लागते. आणि निवृत्तीबद्दल म्हणाल, तर मासिकाला पुढचा अंक काढायचा असतो, त्याला शेवट परवडत नाही. चित्रपटाला शेवट करता आला, हेच त्याचे भाग्य. सूड आणि दुःख यांतून माणूस बाहेर पडू शकतो, हे म्हणायला धैर्य लागते.

शेवटच्या देखाव्यावरचा वाद तर फारच मौजेचा. काहींचे म्हणणे, तो आल्फ्रेडचा भास आहे. त्यांच्याकडे आधारही आहे. आल्फ्रेडने आधीच सांगितलेले असते, की तू नाहीसा झाला होतास तेव्हा दरवर्षी मी त्या उपाहारगृहात बसून तू समोर दिसशील अशी कल्पना करीत असे. दुसरा पक्ष पुरावे काढतो: विमान आपोआप उडवणारे यंत्र ब्रूसने आधीच दुरुस्त केल्याचे उघड होते; आईचा मोत्यांचा हार घरातून नाहीसा असतो; आणि गच्चीवरचा बॅटमनला बोलावणारा दिवा कोणीतरी नीट करून ठेवलेला असतो. स्वतः बेल यांनी २०१४ साली आपले मत सांगितले, की तो भास नव्हे. मला विचाराल तर पुराव्याचे पारडे दुसऱ्या पक्षाकडेच झुकते. पण पहिल्या पक्षाचा आधारही चित्रपटातलाच आहे, म्हणून तो वाद मान ठेवण्याजोगा.

नायकाचा शेवट बदलणे आपल्याला तरी कुठे नवे आहे? वाल्मीकींच्या रामायणात सीता भूमीच्या पोटात जाते. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात 'उत्तररामचरित' लिहिले, त्यात राम-सीतेची भेट घडवली. कोणता शेवट खरा, हे रसिकांनी अजून ठरवलेले नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही.

इथवर सगळे गोड. पण या इतिहासाचे एक काळे पान आहे, आणि तेच सांगण्यासाठी मी एवढा वेळ घेतला.

अमेरिकेत हा चित्रपट २० जुलै २०१२ रोजी सर्वांसाठी खुला व्हायचा होता. समीक्षकांना तो आधी दाखवला होता. 'रॉटन टोमॅटोज' ही संस्था निरनिराळ्या समीक्षकांची मते इंटरनेटवर एकत्र देते. तिथे काही समीक्षकांचे प्रतिकूल अभिप्राय आले, आणि चाहते असे खवळले की त्यांनी शिवीगाळ केली, जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. शेवटी संस्थेला या चित्रपटावरील वाचकांची मते घेणे काही काळ बंद करावे लागले. आता तारीख पाहा. हे घडले प्रदर्शनाच्या तीन-चार दिवस आधी! धमक्या देणाऱ्या बहुतेकांनी चित्रपट पाहिलेलाच नव्हता. न चाखलेल्या पक्वान्नासाठी ते दुसऱ्याचे डोके फोडायला निघाले होते.

याच सुमारास एका अमेरिकन रेडिओ-भाष्यकाराने निराळाच सूर लावला. खलनायकाचे नाव 'बेन', आणि अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांच्या जुन्या कंपनीचे नावही उच्चाराने तसेच. तेव्हा हे राजकीय कारस्थान, असा त्याचा तर्क. पण बेन हे पात्र चित्रकथांत आले १९९३ साली! एक तारीख तपासली असती तर तोंड उघडावे लागले नसते.

आणि मग प्रदर्शनाच्या पहिल्याच मध्यरात्री कोलोरॅडोतील ऑरोरा गावी, चित्रपट चालू असताना एका बंदूकधाऱ्याने गोळीबार केला. बारा माणसे प्राणास मुकली. त्या दुःखापुढे चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न क्षणभर अगदी लहान झाला. या हत्याकांडाचा त्या धमक्यांशी संबंध जोडू नये; तो नव्हताच. पण तिकीट काढून आलेल्या बारा जणांच्या मरणानंतर आदल्या आठवड्यातल्या त्या शिव्या किती क्षुद्र वाटल्या असतील, याचा विचार करावा.

पुढे धूळ खाली बसली. चित्रपटाने जगभरात १०० कोटी डॉलरांहून अधिक मिळवले. दुसऱ्या भागापेक्षाही थोडे जास्तच. पण दुसऱ्या भागाला ऑस्करची आठ नामांकने होती, तिसऱ्याला एकही नाही. म्हणजे गल्ला एक सांगतो, पारितोषिके दुसरे सांगतात. त्यांतला कोणताच निवाडा अखेरचा नाही. आजही रसिक तोच वाद घालतात, आणि बहुधा दुसरा भाग सरस मानूनही तिसऱ्या भागातली ती विहीर मात्र विसरत नाहीत.

तेव्हा शिक्षकहो, तुमच्या वर्गात गोष्टीवरून वाद पेटला तर तो विझवू नका. त्याला तीन बंधने घाला. गोष्ट पुरती वाचल्याखेरीज मत द्यायचे नाही. मत दिले की गोष्टीतला आधार दाखवायचा. आणि आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे, त्याला पटेल अशा शब्दांत, आपण सांगायचे. पहिल्याने उतावळेपणा जातो, दुसऱ्याने वाचन सुधारते, तिसऱ्याने वैर राहत नाही. ज्या मुलाला बॅटमनच्या शेवटावर असे भांडता आले, त्याला उद्या ग्रामपंचायतीत पाण्याच्या प्रश्नावरही भांडता येईल, आणि सभा संपल्यावर समोरच्याबरोबर चहाही घेता येईल.